अहवालात सामू ८.६ आला, आता काय?

मातीची विचारपूस : वाचकांचे प्रश्न, सोलापूर जिल्हा

रब्बी निघाली, कडबा बांधावर रचून झाला, की माझ्याकडं मातीची पत्रं यायला लागतात. रान मोकळं असतं आणि हातात मागच्या वर्षीचं न उमगलेलं कार्ड असतं. यंदा बरीच पत्रं सारखीच आहेत, म्हणून त्यातली पाच निवडून उत्तरं देते. नावं छापत नाही. कुणाच्या रानात काय बिघडलंय, याची पारावर चर्चा नको.

प्रश्न : ताई, पंढरपूर तालुक्यात कालव्याखाली माझी पाच एकर काळी जमीन आहे. कित्येक वर्षं उसावर ऊस चालू आहे. खालच्या अंगाला दीड एकरात ऊस पिवळा पडतो आणि खोडवा तर नीट फुटतच नाही. माती तपासून घेतली. सामू (पीएच) ८.६, क्षारता ०.९, मुक्त चुना १४ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के. दुकानदार म्हणतो, एकरी दहा पोती जिप्सम टाका. टाकू का?

उत्तर : काका, इतक्यात टाकू नका. नमुना कुठून घेतला होता, ते आधी आठवा. पाच एकरांतून मिळून एकच पिशवी भरली असेल, तर चांगल्या साडेतीन एकरांची आणि बिघडलेल्या दीड एकराची माती एकाच घमेल्यात कालवली गेली. त्यातून आलेला ८.६ हा तुमच्या कुठल्याच तुकड्याचा आकडा नाही. प्रयोगशाळेत मी नोकरीभर अशा पिशव्या उघडल्या आहेत. कुठल्या पिशवीत लेंड्या निघत, म्हणजे माती झाडाखालची, शेळ्या बसतात तिथली. कुठली माती खताच्या रिकाम्या गोणीतून आलेली असे आणि मग त्या अहवालात स्फुरद आभाळाला भिडे. यंत्र मोजायचं काम चोख करतं. पण काय मोजायला दिलंय, हे त्याला कुठून कळणार?

तेव्हा त्या दीड एकराचा नमुना वेगळा घ्या. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खड्डे घ्यायचे आणि प्रत्येकाच्या कडेची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची माती काढायची. सगळी माती गोणपाटावर ओतून कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. बांध, पाट, उकिरडा यांच्या जवळची माती नको. खत टाकून दोन-तीन महिने झाले नसतील तर थांबा. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. तुमच्या रानासाठी आणखी एक काम सांगते. त्याच तुकड्यात कमरेएवढा एक खड्डा घ्या आणि पहिल्या फुटाची, दुसऱ्या फुटाची माती वेगळी बांधा. खड्ड्यात तळाला पाणी पाझरलं, तर अहवालाची वाट न बघता मला कळवा. अर्धं उत्तर तिथंच मिळालं.

आता तुमचे आकडे. मुक्त चुना १४ टक्के म्हणजे जमीन चांगलीच चुनखडीची. नुसत्या चुन्यानं सामू साधारण ८.२ ते ८.४ पर्यंत चढतो. ८.५ ओलांडला की सोडियमचा संशय घ्यायचा, म्हणजे जमीन चोपण होऊ लागली असावी. पण संशय आला म्हणून दाखला होत नाही. नेहमीच्या कार्डावर बारा बाबी असतात आणि मातीला चिकटलेला सोडियम त्यात नसतो. प्रयोगशाळेत ‘विनिमययोग्य सोडियम’ वेगळा मागून घ्या. तो १५ टक्क्यांच्या वर गेला तर जमीन चोपण. क्षारता ०.९ बघून निर्धास्त होऊ नका. पुस्तकात ४ ची जी मर्यादा लिहिलेली असते ती संपृक्त अर्काची, म्हणजे माती जेमतेम लापशीसारखी भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याची. तुमच्या अहवालातला आकडा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा पातळ द्रावणाचा असणार आणि त्यात क्षार कमीच दिसतात. दोन्ही आकडे एकाच मापानं मोजायचे नाहीत.

डोळ्यांनीही बरंच कळतं. उन्हाळ्यात वर पांढरी बुरशी आल्यासारखा थर दिसत असेल आणि पायाखाली भुसभुशीत लागत असेल, तर जमीन खारवट. पृष्ठभाग काळपट, तेलकट दिसत असेल, पाऊस झाल्यावर पाणी दिवसेंदिवस साचून गढूळच राहत असेल आणि वाळल्यावर कुदळ उडत असेल, तर चोपण. खारवट जमिनीत जिप्समचं काही काम नसतं. तिथं क्षार पाण्याबरोबर धुऊन काढायचे असतात. चोपण जमिनीत जिप्सम लागतं, कारण त्यातला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हुसकावून लावतो. पण हुसकावलेला सोडियम जाणार कुठं? वाट नसेल तर तिथंच राहील. म्हणून दुकानदाराच्या दहा पोत्यांच्या आधी चर पाहिजे. रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याला जाऊन मिळणारा. खालच्या शेतकऱ्यानं वाट अडवली असेल तर त्याच्याशी आधी बोला. जिप्समपेक्षा हे अवघड आहे, मला ठाऊक आहे. पण त्याला दुसरा पर्याय नाही. सांगली-कोल्हापूरकडं गावकऱ्यांनी एकत्र येऊन सच्छिद्र पाइप गाडून निचरा केला, कारण एकेकट्याला ते जमणारं नव्हतं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात याच प्रकारच्या जमिनींवर काम चालतं. वारीहून मोकळे झालात की एकदा जाऊन या.

चर झाला आणि सोडियमही निघाला, तर जिप्सम किती टाकायचं ते प्रयोगशाळेकडून ‘जिप्समची गरज’ काढून ठरवा. पावसाळ्याच्या तोंडावर बारीक भुकटी पसरून वरच्या वीतभर थरात मिसळायची. तुमच्याकडं चुना भरपूर आहे, म्हणून गंधकाचाही विचार करता येईल. जमिनीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, ते आम्ल चुना विरघळवतं आणि कॅल्शियम तुमच्याच रानातून मोकळा होतो. हिशेबानं एक किलो गंधक सव्वापाच-साडेपाच किलो जिप्समइतकं काम करतं. मात्र त्याला ओल, ऊब, हवा आणि काही आठवडे द्यावे लागतात. पाणी साचलेल्या रानात ते तसंच पडून राहतं. पुढचा एक हंगाम त्या तुकड्याला उसातून सुट्टी द्या. हिरवळीचं खत म्हणून धैंचा पेरा आणि फुलोऱ्याच्या आत गाडा. चोपणीत ताग रडतो, धैंचा तग धरतो.

अजून एक विचारायचं राहिलं. कालव्याचं पाणी नसतं तेव्हा बोअरचं देता ना? ते तपासलंय का? त्यात ‘रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट’ (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेला कार्बोनेट) लिटरला १.२५ मिलीइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर चालेल. २.५ च्या वर असेल तर चर खणून, जिप्सम घालूनही तुम्ही दर पाळीला सोडियमच रानात सोडताय. भीमेवर उजनी १९८० साली झालं. त्याआधी ज्या काळ्या रानांना हत्तीच्या पावसावर एक ज्वारी काढायची सवय होती, त्यांना आता बारमाही मोकाट पाणी मिळतंय. या मातीत चिकण भाग निम्म्याच्या आसपास असतो. ओली झाली की ती फुगते आणि स्वतःची भोकं स्वतःच बुजवते. दोष पाण्याचा नाही, ते भिजवणीनं देण्याचा आहे. ठिबक करा. कारखान्याकडं, बँकेकडं त्यासाठी खेटे घालावे लागले तरी घाला.

आणि पाचट जाळत असाल तर यंदापासून बंद करा. एकरी तीन-चार टन पाचट निघतं आणि तुमचा कर्ब आहे जेमतेम ०.३८. सरीत पसरून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणूखत टाकायचं. वर माती, मग पाणी. उंदीर होतात, साप होतात, ही तक्रार मला माहीत आहे. तरी जाळू नका.

प्रश्न : ताई, दक्षिण सोलापूर तालुक्यातनं लिहितोय. कोरडवाहू आठ एकर हाय. जमीन आरोग्य कार्ड आलंय बगा. माझं, चुलत्याचं अन् शेजाऱ्याचं, तिघांचं आकडे एकच! नत्र कमी, पालाश भरपूर. आमच्यात एकाची जमीन माळाची अन् एकाची वड्याकाठची. ह्या कार्डावर इश्वास ठिवायचा का न्हाई? अन् ज्वारीला खत किती टाकू?

उत्तर : दादा, कार्ड खोटं नाही, पण ते एकट्या तुमच्या रानाचं नाही. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना असं जाळं आखलं होतं. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. त्यात तुम्ही, चुलते, शेजारी सगळे आलात. नमुना कुणाच्या तरी एका रानातला आणि आकडे मात्र सगळ्यांच्या कार्डावर. तालुक्याची सर्वसाधारण तब्येत समजायला ते ठीक आहे. नत्र कमी आणि पालाश जास्त ही गोष्ट आपल्याकडच्या बहुतेक काळ्या जमिनींना लागू पडते, कारण ही माती काळ्या बेसाल्ट खडकाची आणि पालाश तिच्या चिकण भागातच आहे. दुकानात पालाशची पोती खपतात त्याला कार्ड जबाबदार नाही.

पण माळ आणि ओढाकाठ यांतला फरक त्या कार्डावर कुठंच नाही, आणि ज्वारीला नेमका तोच कळतो. आपली ज्वारी पावसावर येत नाही, साठलेल्या ओलीवर येते. म्हणून मातीची खोली हे कोरडवाहूतलं पहिलं परीक्षण. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, टिकाव लागतो. प्रत्येक तुकड्यात मुरूम लागेपर्यंत खणा आणि टेप लावा. एक फूट, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या आसपास लागला तर जमीन हलकी. तिथं ज्वारीचे फुले अनुराधा किंवा फुले माउली हे वाण. दोन फुटांपर्यंत मध्यम. फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी ३५-१. त्याहून खोल असेल तर भारी; फुले वसुधा, फुले यशोदा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारसही खोलीनुसारच आहे. माळावर वसुधा पेरून कणसं पोचट राहिली, की लोक बियाण्याला शिव्या देतात.

खतही खोलीप्रमाणंच. मध्यम जमिनीला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद. तुमच्या भाषेत एकरी ३५ किलो युरिया आणि एक पोतं सुपर फॉस्फेट. भारी जमिनीला ६० आणि ३०, म्हणजे एकरी ५२ किलो युरिया आणि दीड पोतं सुपर. हलक्या माळाला हेक्टरी नुसतं २५ किलो नत्र पुरे. सगळं पेरतानाच, दोन चाड्यांच्या पाभरीनं बियाच्या खाली पडलं पाहिजे. नंतर वर फेकलेला युरिया कोरड्या मातीवर तसाच राहतो आणि आपल्याकडं डिसेंबरात पाऊस कुठला?

मला विचाराल तर खतापेक्षा ओलीवर खर्च करा. जुलैत रान कुळवून उतार बघून कप्पे पाडा. उतार जाणवत असेल तर सहा बाय सहा मीटरचे, सपाट असेल तर दहा बाय दहाचे. सारा यंत्रानं एका दिवसात होतात. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस जागच्या जागी मुरतो. भारी काळी माती मीटरभर खोलीत दीडशे-दोनशे मिलिमीटर ओल धरून ठेवते. ही साठवण फुकटची आहे, शेततळ्यालाही खर्च येतो. सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे ते १९३३ पासून, आणि त्याचं निम्मं सार या कप्प्यांत आहे. नंतर कोळपण्या तीन. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी कोळप्यानं. ही शेवटची लोक टाळतात, कारण तेव्हा तण नसतं. पण ती तणासाठी नाहीच. त्या वेळी जमिनीला भेगा पडायला लागतात आणि ओल तिथून उडते. भेगा बुजवायला ती कोळपणी.

पत्राच्या मागं पेन्सिलीनं विचारलंय, ‘मेंढरं बसवू का?’ जरूर बसवा. कडबा जनावरांनी खाल्ला, शेण गोवऱ्यांना गेलं, मग रानात परत काय आलं? धनगरांची खिल्लारं उन्हाळ्यात तुमच्याकडं उतरतात, त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा. फक्त मेंढरं उठली की त्याच दिवशी उथळ कुळव फिरवा. आपल्या मातीचा सामू आठच्या वर असतो. अशा मातीत मुतातलं नत्र वायू होऊन निघून जातं आणि मेंढरं बसवायला तुम्ही धनगराला धान्य मोजता ते त्याच नत्राचं. बांधावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली तर तिचा कोवळा पाला ज्वारीच्या रानात टाकता येतो. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रानं त्याचे बरीच वर्षं प्रयोग केले आहेत. सुबाभळीच्या शेंगा मात्र पिकू देऊ नका, नाहीतर पुढची दहा वर्षं रोपं उपटत बसाल.

प्रश्न : सांगोल्याजवळ माळावर चार एकर डाळिंब आहे. गावच्या पाझर तलावाचा गाळ काढताहेत, गाळ फुकट आहे. बागेत फूटभर पसरला तर जमीन सुधारेल ना?

उत्तर : जमीन सुधारेल, बाग जाईल. सांगोल्याच्या माळावर डाळिंब पिकलं ते मुरमातून पाणी झटकन निघून जातं म्हणून. झाडाच्या बुडात चिकण गाळ आणून ओल कोंडली की मर रोगाला आवतण. उभ्या बागेत गाळ नकोच.

माळाचा रिकामा तुकडा असेल तिथं टाका आणि तूर, बाजरी, ज्वारी घ्या. तिथंही दोन-तीन इंच बस झालं. पसरून ठेवायचा नाही, मुरमात मिसळायचा. एकरभर एक इंच गाळ म्हणजे साधारण ३६ ब्रास होतो. तुमच्या फूटभराचा हिशेब ४३५ ब्रासच्या आसपास जातो. गाळ फुकट असेल, पण ट्रॅक्टर आणि डिझेल? २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, त्यात वाहतुकीला काही मदत बसते का ते कृषी सहायकाला विचारा. उचलण्याआधी किलोभर गाळ तपासून घ्या, निदान क्षारता आणि चुना. नव्या बागेचा विचार असेल तर नमुने तीन थरांचे हवेत : पहिला फूट, दुसरा फूट, तिसरा फूट. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुम्हाला फार लांब नाही.

प्रश्न : बार्शीत एका मेळाव्यात पाच लिटरचं द्रावण विकत होते. एका हंगामात सेंद्रिय कर्ब दुप्पट होतो म्हणे. घ्यावं का?

उत्तर : नको. हिशेब घरी करून बघा. एकराच्या वरच्या वीतभर थरातली माती भरते सुमारे नऊ लाख किलो. कर्ब नुसता ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हटलं तरी नऊशे किलो कर्ब रानात टिकून राहायला हवा. शेणखत, पाचट, पाला यातला बराचसा भाग कुजून हवेत जातो, म्हणून प्रत्यक्षात घालावं लागतं याच्या कितीतरी पट. पाच लिटरच्या डब्यात काहीही असलं तरी पाच लिटरच असणार. त्याच पैशांत बार्शीच्या बाजारातून तागाचं बी आणा.

प्रश्न : अक्कलकोट तालुक्यातल्या शाळेवर मी विज्ञान शिकवते. मुलांकडून मातीचं आरोग्य तपासून घ्यायचंय. प्रयोगशाळा नाही, किटला पैसे नाहीत. काय करता येईल?

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. तीन गोष्टी करा.

पहिली, ढेकूळ. रानातलं एक आणि बांधावरच्या गवताखालचं एक, दोन्ही लिंबाएवढी, पुरती वाळलेली घ्या. काचेच्या दोन पेल्यांत पाणी भरून जाळीच्या तुकड्यावर अलगद ठेवा. रानातलं ढेकूळ बघता बघता विरघळून पाणी गढूळ करतं, गवताखालचं बराच वेळ तसंच राहतं. असं का, हे मुलांनाच सांगू द्या. मुळं, बुरशी, गांडुळं, सगळी उत्तरं येतील.

दुसरी, चिंधी. सोलापुरात जुनी सुती चादर कुणाच्या घरी नाही? तिच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापा. धागा शंभर टक्के सुती हवा. एक दोरा जाळून बघा. वितळून गोळा झाला तर त्यात पॉलिस्टर आहे, ती चादर बाद. वेगवेगळ्या मुलांच्या रानांत वीतभर खोल पुरा, खुणेला काठी रोवा. मृगाचा पाऊस झाल्यावर पुरल्या तर पोळ्याच्या सुमारास काढता येतील. जिथं जिवाणू जास्त तिथं कापड कमी उरतं. पट्ट्या धुऊन, वाळवून, किराणा दुकानाच्या काट्यावर तोलायच्या.

तिसरी, डबा. सहा इंच व्यासाचा पत्र्याचा डबा, दोन्ही बाजूंनी कापलेला, तीन इंच जमिनीत ठोका. आत साडेचारशे मिली पाणी ओता. या मापाच्या डब्यात ते जवळपास एक इंच पावसाएवढं होतं. मुरायला किती मिनिटं लागली ते लिहा. मग त्याच जागी पुन्हा तेवढंच ओता आणि दुसरी वेळ धरा, पहिली नाही. हा प्रयोग उन्हाळ्यात करू नका. तुमच्याकडच्या काळ्या रानात तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा असतात, पाणी सरळ खाली जातं आणि सगळ्यांचंच रान उत्तम ठरतं. दोन-तीन पाऊस होऊन भेगा मिटल्या की जूनअखेर करा. ट्रॅक्टरची चाकोरी आणि तासाच्या मधली जागा, दोन्हीकडं डबा ठोका. पोरं घरी जाऊन बापाला जाब विचारतील, तेवढी तयारी ठेवा.